कोरी बाटली

पाच बाटल्या तळ्यातून भरायच्या, सहावी सोबत न्यायची. सहावीत प्रयोगशाळेचं सीलबंद, शुद्ध पाणी असतं. तीही काठावरच उघडायची आणि बाकीच्यांसारखीच गाळायची, म्हणजे आपले हात आणि अवजारं स्वच्छ होती का ते कळतं. तिला आम्ही कोरी बाटली म्हणतो. मासा दिसला नाही तरी त्याचा डीएनए पाण्यात सुटतो आणि गाळणीवर सापडतो, एवढ्यावर माझी नोकरी चालते.

तळ्याचा म्हातारा राखणदार क्लॅरी याने उन्हाळ्यात कार्प, म्हणजे तळ ढवळून इथले मासे संपवणारा उपरा मासा, पाहिल्याचं कळवलं, आणि तेव्हापासून तो पस्तावत होता. कार्प निघाला तर तो मारायला मत्स्य खातं तळ्यात विष घालणार. बोटाएवढे गॅलॅक्सिअस मासे जगात फक्त इथेच उरलेत. तेही मरणार.

पहिल्या खेपेला तळ्याच्या पाचही बाटल्या साफ निघाल्या. कार्प निघाला कोऱ्या बाटलीत.

"हात धूत जा गं बाई," क्लॅरी म्हणाला.

कोरी खराब तर सगळी खेप बाद. मी नवे हातमोजे, नवी गाळणी घेतली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. मला स्वतःचा भयंकर राग आला.

दोन्ही वेळा गाळलेलं कोरं पाणी मी क्लॅरीच्या कुत्र्याच्या, डस्टरच्या, पातेल्यात ओतलं होतं. इतकं शुद्ध पाणी फेकवत नाही.

"शिवतसुद्धा नाही तो," क्लॅरी हसला. "साहेबांना डबक्यातलंच लागतं."

तिसरी खेप शेवटची. ती बाद झाली असती तर विष ठरलेलं होतं. निकालाचा फोन आला तेव्हा मी क्लॅरीच्या ओसरीवरच होते.

"सहाही साफ," मी म्हटलं.

"कोरीसुद्धा?"

"कोरीसुद्धा."

क्लॅरी ढसाढसा रडला. माझाही जीव भांड्यात पडला. आम्ही चहा केला, त्याने ठेवणीतला केक काढला, आणि कितीतरी दिवसांनी मला चव लागली.

डस्टर मात्र लांब कुंपणापाशी बसून ओसरीतल्या पातेल्याकडे पाहत होता. आम्ही उठलो.

पातेल्यातलं पाणी गढूळ झालं होतं, तळ ढवळल्यासारखं.

वारा नव्हता. मधोमध एक वलय उमटलं, मग दुसरं. कार्प हवा घ्यायला वर येतो तेव्हा असंच उमटतं.

पातेलं जेमतेम चार बोटं खोल होतं.

मी ते उचलायला वाकले. क्लॅरीने माझं मनगट धरलं.

"ओतणार कुठं?" तो हळूच म्हणाला. "इथला सगळा उतार तळ्याकडेच आहे."