ठेच्याचे दिवस आणि उत्तरेचा वारा

२०५२ सालच्या उन्हाळ्यात, उत्तर ध्रुवाच्या अलीकडच्या स्वालबार्ड बेटांवर, मला दोन कोडी पडली होती.

पहिलं कोडं काठीचं. आमच्या संशोधन केंद्रामागे एक हिमनदी (डोंगरावरून अतिशय सावकाश सरकणारा बर्फाचा जाड थर) आहे. वसंतात तिच्यात खोल काठ्या रोवतात. उन्हाळ्यात काठी जेवढी उघडी पडेल, तेवढा बर्फ वितळला असं समजायचं. गेली दहा वर्षं ती सप्टेंबरपर्यंत जेमतेम हातभर उघडी पडायची. यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यातच हातभर! दुसरं कोडं, आम्ही रोज मिरचीचा ठेचा का खात होतो? माझी जीभ पार सोलून निघाली होती.

ठेचा करायचे माझे आजोबा. आईचे वडील, मूळचे तासगावचे, दहा उन्हाळे केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळणारे. आई हिमनद्यांची शास्त्रज्ञ. त्या मंगळवारी ती आणि तिचा नॉर्वेचा सहकारी ओलाव हिमनदीवर काठ्या मोजायला गेले होते. वाटेत वितळलेल्या पाण्याचा एक ओढा लागतो. शनिवारी परत यायचं, हे नोंद्याने ठरवलं होतं. नोंद्या म्हणजे आमचा यंत्रमानव. अतिशय नम्र आणि तितकाच हट्टी.

"दहा वर्षांच्या सरासरीनुसार वीस जुलैपर्यंत ओढा ओलांडता येतो," असं त्याने आईला सांगितलं होतं.

गुरुवारी दुपारी मी स्वयंपाकघरात कुरकुरत गेले. "आजोबा, आज तरी ठेचा नको ना!"

"आगं, मग कवा करू? वारं फिरलं तर मिरच्या भाजाय येतील व्हय?" आजोबा म्हणाले. "धूर जायचं भोक उत्तरंच्या भिंतीत हाय. उत्तरंचं वारं सुटलं की धूर उलटा आत. समदी खोकून बेजार. दक्षिणंचं वारं असलं की कसा सरळ भाईर जातोय."

ठेचा केला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकोनात त्यांनी 'ठेचा' असं लिहिलं होतं. घरी आपण गॅस कधी आला ते लिहितो ना, तसंच. जुनं कॅलेंडर टाकायचं नाही, ही आमच्या घराण्याची खोड. त्यामुळे दहाही वर्षांची कॅलेंडरं फडताळात गुंडाळून ठेवलेली होती. मी ती जमिनीवर पसरली. दर उन्हाळ्यात पाच-सहा ठेचे. यंदा सलग अठरा!

वारा बदललाय आणि काठीही भराभर उघडी पडतेय, मग ओढ्याचं पाणीही वाढणार! मी नोंद्याला हाका मारमारून बोलावलं आणि कॅलेंडरं दाखवली.

"वाऱ्याच्या नोंदी माझ्याकडे आहेत," नोंद्या म्हणाला. "परंतु ओढ्याचा अंदाज करताना त्या विचारात घ्यायला मला कोणी सांगितलं नव्हतं."

असा राग आला मला! "मग आता घे! वारा फिरला की बर्फाचं काय होतं?"

नोंद्याने टेबलावर नकाशा पसरला, उत्तर दिशा वर. आजोबांची एक ताटली त्याने ग्रीनलँडवर ठेवली. "हा प्रत्यावर्त (जास्त दाबाच्या हवेचा प्रचंड भोवरा). मधोमध हवा खाली दबते, म्हणून आकाश निरभ्र राहतं. हवा बाहेर निघते, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने सरळ जाऊ शकत नाही. ती वळते. पृथ्वीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागात ती घड्याळाच्या काट्यांसारखी गोल फिरते."

त्याने ताटली फिरवली. आजोबांनी कडेला कणकेचा गोळा चिकटवला. तो डाव्या कडेने वर गेला आणि उजव्या कडेने खाली आला.

"आपण उजवीकडे!" मी ओरडले. "म्हणजे आपल्याकडे वारा वरून येतो, ध्रुवाकडून. गार!"

"बरोबर. गेले दहा उन्हाळे हा भोवरा बहुतेक वेळ ग्रीनलँडवर ठाण मांडून होता. तिथे ऊन तापलं, बर्फ वितळला. आपल्याला मात्र गार वारा मिळाला. पृथ्वी तर तापतच होती. त्या गार वाऱ्यामुळे आपली हिमनदी बचावली होती, इतकंच." नोंद्याने ताटली उजवीकडे, आमच्या बेटांपलीकडच्या समुद्रावर सरकवली. "यंदा भोवरा इथे आहे."

आता आम्ही ताटलीच्या डावीकडे होतो. कणकेचा गोळा खालून वर आला. दक्षिणेची उबदार, दमट हवा थेट आमच्या बर्फावर.

"मग नशिबानं गार गेलेल्या वर्सांची सरासरी काढून माझ्या लेकीला पाठवलंस व्हय रं?" आजोबांनी नोंद्याला विचारलं.

नोंद्याने पुन्हा हिशोब केला. "नवा अंदाज. उद्या दुपारपासून ओढा ओलांडता येणार नाही. ढग जमिनीला टेकतील, हेलिकॉप्टर उडणार नाही. मी चुकलो."

मी धावत जाऊन रेडिओवरून आईला सगळं सांगितलं. "अगं, दोनच काठ्या राहिल्यात," ती म्हणाली. "आज आटपतो, उद्या सकाळी निघतो."

आजोबांनी माझ्या हातातून रेडिओ घेतला. "परणाली, काठ्या ऱ्हाऊ देत. पोरगी म्हणती ते खरं हाय. आत्ताच्या आत्ता निघ."

आई निघाली. पुढचे सात तास आजोबा चुलीकडे फिरकले नाहीत. आई आणि ओलाव दोराला धरून, कमरेएवढ्या पाण्यातून ओढा पार करून आले. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच ओढा माणसाएवढे दगड गडगडवत नेत होता. स्वयंपाकघरातली भांडी थरथरत होती.

आईने कॅलेंडरं पाहिली, ताटली पाहिली, आणि बराच वेळ मला पोटाशी धरून ठेवलं. आता नोंद्या भोवरा कुठे बसलाय हे आधी पाहतो, मग बर्फाबद्दल बोलतो. खाडीकाठच्या वस्तीलाही पुराची सूचना चार दिवस आधी जाते. पुढे तर सगळ्या ध्रुव प्रदेशासाठी असे अंदाज करायचे, असं आई म्हणते. ते काम मी करणार आहे.

ओढ्याला पूर आला त्या दिवशी आई आजोबांच्या पाया पडायला वाकली. त्यांनी तिला मधेच धरलं.

"मला नगं पोरी," ते म्हणाले. "धा वर्सं त्या वाऱ्यानं तुझा बर्फ राखला. आपुन त्याला नुस्तं थंडीचं वारं म्हणून शिव्या घातल्या."

आम्ही तिघं बाहेर आलो आणि उत्तरेकडे तोंड करून हात जोडले. मागून दक्षिणेचा वारा वाहत होता. नोंद्याने विचारलं, "नमस्कार कसा करतात?" आईने त्याचे दोन्ही धातूचे हात धरून एकमेकांना जुळवले.