रानजिवीचं आवतण

द्रव्यमापकाच्या पडद्यावर तिसऱ्यांदा शून्य उमटलं, तेव्हा डॉ. निवेदिता हरदासने यंत्राला कडेने एक सणसणीत फटका दिला. एवढी शिकलेली बाई, पण यंत्रावरचा विश्वास उडाला की माणूस हेच करतो. यंत्र मात्र ठणठणीत होतं. बाहेर संशोधन केंद्राच्या शेतात रानजिवीची आठ वर्षांची नऊ हजार झुडपं हिरवीगार उभी होती आणि एकाच्याही पानात औषध नव्हतं.

तिच्या धाकट्या भावाकडे, हेमंतकडे, अकरा दिवसांचं औषध शिल्लक होतं. त्याचं यकृत निकामी होत चाललं होतं, दुसरं काहीच लागू पडत नव्हतं. रानजिवीच्या अर्कावर तो चार महिन्यांत जिना चढायला लागला होता.

अर्क कसला, कोंढवळीच्या हौसाबाई गवारीचा पिढीजात पाला तो. आधी तीन संशोधकांनी तपासून त्यावर 'निरुपयोगी' असा शेरा मारला होता. निवेदिता मात्र हौसाबाईबरोबर रानात गेली. पाला खुडायच्या आदल्या संध्याकाळी बाई झाडापाशी जायची, बुंध्याशी हळद-तांदूळ ठेवायची, एक डहाळी चिमटीत धरून पिरगळायची आणि म्हणायची, "उद्या न्यायला येते. तयार ऱ्हा." याला ती आवतण म्हणायची. आधीच्या तिन्ही शहाण्यांनी आवतण न देताच पाला नेला होता!

हळद-तांदळाचा संबंध नव्हता, पिरगळण्याचा होता. डहाळी दुखावली की रानजिवीच्या लेखी शेळी आली. मग ती रातोरात पानांत कडू कवचद्रव्य भरते. तेच औषध.

निवेदिता तडक संचालकांच्या, डॉ. मुळगुंदांच्या खोलीत शिरली.

"सर, शेतात काय केलंत?"

"अगं, तू हेमंतजवळ रुग्णालयात होतीस ना, तेवढ्यात स्पर्शयानं सोडली, ते चिमटेवाले छोटे ड्रोन. रोज संध्याकाळी प्रत्येक झाडाला चिमटा, सकाळी दुरूनच मोजणी. चाळीस दिवस! आलेख का उतरतोय ते कळत नाही, पण शोधनिबंध झकास होईल."

"आणि पाला?"

"खुडला नाही. नुसतं निरीक्षण."

"सर, कवचद्रव्य बनवायला झाडाला साठवलेली साखर खर्चावी लागते. शेळी येणार म्हणून त्याने पुन्हा पुन्हा खर्च केला आणि एकदाही कुणी आलं नाही. लाजाळूला सारखं डिवचलं की ती मिटायची थांबते, तसंच हे. हा चिमटा खोटा आहे, हे झाड शिकलंय. आता ते कधीच तयार होणार नाही."

"मग आधी सांगायचंस! तुझ्या अहवालात कुठे आहे हे?"

होतं. हौसाबाईने बजावलं होतं, आवतण दिलं की न्यायचंच, नाहीतर झाड रुसतं. निवेदिताने ते 'लोकश्रद्धा' या परिशिष्टात टाकलं होतं. असली भाकडकथा शोभत नाही म्हणून मुळगुंदांनी ते परिशिष्ट गाळलं, तेव्हा तीही मान डोलावून मोकळी झाली होती.

"नवं बी पेरू की," मुळगुंद म्हणाले. "ती रोपं कोरी असतील."

"पाल्यात औषध यायला सात वर्षं लागतात, सर. हेमंतकडे अकरा दिवस आहेत."

ऊन कलायच्या आत ती कोंढवळीला पोचली. हौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. तिने वर पाहिलं नाही.

"त्या दिशी तुमच्या केंद्रावर माझ्या सत्काराला न्यायला गाडी येनार व्हती ना गं? नवं लुगडं नेसून फाट्यावर बसले व्हते. दुपार कलली. पार बकऱ्या घरी आल्या, पन गाडी काय आली नाय."

औषधाचा शोध जाहीर झाला त्या समारंभाच्या पाहुण्यांच्या यादीत हौसाबाईचं नाव निवेदिताने स्वतः सगळ्यांत वर लिहिलं होतं. बाई आजारी आहेत, असं मुळगुंदांनी सांगितलं आणि तिने ते खरं मानलं. आपल्याला किती सहज गंडवलं या माणसाने, या विचाराने तिच्या अंगाची आग झाली.

तिने हेमंतचं सगळं सांगितलं. "मावशी, कड्याखालची ती झाडं, तुम्ही फक्त मला दाखवलेली... तेवढी द्या."

हौसाबाई सूप बाजूला ठेवून उठली. "त्या लेकरानं माझं काय वाईट केलंय? चल."

कड्याखाली जुनी पंधरा-वीस झुडपं होती. हौसाबाईने दिवस मावळायच्या आत एकेकाला आवतण दिलं. पहाटे दोघी परत गेल्या. निवेदिताने पान खुडून हातातल्या मापकात घातलं. शून्य. दुसऱ्या झाडाचं घातलं, तेही शून्य. मग ती वेड्यासारखी सगळ्या झाडांचं एकेक पान घालत सुटली. सगळीकडे शून्य.

"ह्ये निळं काय गं?" हौसाबाईने विचारलं.

प्रत्येक बुंध्यावर टिकलीएवढा निळा ठिपका होता. मोजणी झालेल्या झाडावर स्पर्शयान असा ठिपका मारतं.

"ही जागा माझ्या आईनं मला दावली, मी तुला दावली. तिसरं कोन व्हतं गं?"

तिसरं कुणीच नव्हतं. अहवालात या जागेचे अक्षांश-रेखांश निवेदितानेच लिहिले होते, हौसाबाईच्या ज्ञानाची कुठेतरी पक्की नोंद राहावी म्हणून. परिशिष्ट गाळणाऱ्या मुळगुंदांनी ती ओळ मात्र जपून ठेवली होती.

"मावशी, मी तुमच्या चांगल्यासाठीच..." तेवढ्यात हेमंतचा फोन आला.

"ताई, मिळालं का गं औषध?"

निवेदिताने हातातला मापक बंद केला.

"हो रे, मिळालं," ती म्हणाली. "उद्या घेऊन येते. तयार राहा."

"बरं," हेमंत खुशीत म्हणाला.

हौसाबाईने ते ऐकलं. तिने वाकून बुंध्यापाशी पडलेले आवतणाचे हळद-तांदूळ पदरात गोळा केले आणि ती एकटीच उतरणीला लागली.