शेपटी फुटलेले तारे

नेहमीचा दुर्बीणचालक तापाने फणफणला, म्हणून दिवसपाळीतला तंत्रज्ञ बदलीवर आला… आणि वेधशाळेच्या अंधाऱ्या जिन्यात थेट रात्रीच्या निरीक्षणाला आलेल्या संशोधिकेवरच धडकला.

"दिसत नाही का हो?"

"नाही ना! पण दिवा लावला असता तर तुम्हीच मला कच्चं खाल्लं असतं, मॅडम."

ते मात्र खरं होतं; जराशा उजेडानेही फोटो बिघडले असते. दोन वर्षं अर्ज करून करून ही मोठी दुर्बीण तिला एका रात्रीपुरती मिळाली होती. कडेकडून दिसणाऱ्या एका सर्पिल दीर्घिकेचे एकेक तास उजेड साठवत काढायचे तीन फोटो… जमले नाहीत, तर तिचा प्रबंध आणखी वर्षभर लटकणार. त्यात दुर्बीण आपोआप रोखून धरणारी यंत्रणा संध्याकाळीच रुसली होती. आता जवळच्या एका ताऱ्यावर नजर ठेवून, बटणं दाबत, दुर्बीण या तंत्रज्ञालाच हाताने सांभाळायची होती.

"डोळ्यांत तेल घालून बघा," तिने बजावलं.

"तेल, तूप… म्हणाल ते घालतो."

तिला हसायचं नव्हतं, तरी हसू आलंच.

पहिला फोटो पडद्यावर उतरला आणि तिचा श्वासच अडकला. थाळी कडेने धरावी तशी प्रकाशाची बारीक रेघ, मधोमध फुगीर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत काळ्या धुळीचा पट्टा. तीन कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड… आज, इथे, तिच्यासमोर! केवढं हे, आणि केवढीशी आपण! डोळे भरून आले, पुसायचंही तिला सुचलं नाही.

दुसरा फोटोही तसाच देखणा. तिसऱ्यात मात्र प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटली होती.

"हे काय?" तिचा पारा चढला. "तारा कुठे गेला होता?"

"तारा जागेवरच होता," तो मान खाली घालून म्हणाला. "मी नव्हतो. दुसरा फोटो आला तेव्हा तुम्ही पडद्याला हळूच हात लावलात… आणि मी तुमच्याकडेच बघत राहिलो. चुकलं माझं."

तिला रागवायचं होतं, खूप रागवायचं होतं… पण छातीत भलतंच काहीतरी धडधडत होतं. उजाडायला सव्वा तास उरला होता. तिने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली.

"पुन्हा काढू. तासभर फक्त ताऱ्याकडे बघायचं."

"आणि नंतर?"

"नंतर…" ती कानापर्यंत लाल झाली. "नंतर मी आहेच की इथे. बघा हवं तेवढं."

पठ्ठ्याने तासभर पापणीसुद्धा लवू दिली नाही. फोटोत एकेक तारा टिंबासारखा नेटका उतरला… आणि ती पडद्याकडे न बघता आधी त्याच्याकडे वळली.