अर्धा मिनिट हलू नका

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही.

मागच्या थंडीतली गोष्ट. शनिवार होता. मी दादा-वहिनीकडे गेले होते. दादा मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. समुद्राकाठच्या त्या गावात, बंदरामागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या आहेत.

त्याच्या महिनाभर आधी एक बोट उलटली होती. दादा त्या बोटीवर होता. बाकी कुणीच सापडलं नाही. दादा मात्र आठवड्याने, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, चालत घरी आला.

कसा वाचलास, विचारलं तर म्हणायचा, "आलो ना? मग झालं तर!"

मला फोटोंचं वेड. संध्याकाळी कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून गाव पालथं घालायला निघाले. दोघंही सोबत आले. बाजार झाला, बर्फाचा कारखाना झाला. मग दीपस्तंभाकडचा खडीचा रस्ता लागला.

माझ्या बुटांचा आवाज येत होता. वहिनीच्या चपलांचा येत होता.

दादाच्या पावलांचा...

मी वळून पाहिलं. तो मागेच होता. हसलासुद्धा.

धक्क्यावर मी दोघांना उभं केलं. "अर्धा मिनिट हलू नका हं!"

उजेड कमी असला की शटर तेवढा वेळ उघडं ठेवते मी. येणारे-जाणारे फोटोत उमटतच नाहीत. उभी माणसंही जराशी पुसट येतात. श्वास तर घ्यावाच लागतो ना!

त्यात आमचा दादा म्हणजे चुळबुळ्या नंबर एक. स्वतःच्या लग्नाच्या फोटोंतही हललाय.

फोटो निघाला. मी स्क्रीनवर पाहिलं.

धक्क्यावरची गर्दी गायब. वहिनी पुसट, तिचे उडणारे केस म्हणजे नुसता धूर.

आणि दादा...

कोरून काढल्यासारखा स्पष्ट. पापणीचा केस न् केस दिसत होता. एवढ्या वाऱ्यात त्याच्या शर्टाची कॉलरही हलली नव्हती.

"बघू तरी!" दादा म्हणाला.

"नीट नाही आला. अजून एक काढते."

या वेळी मी कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. दादाच्या छातीकडे बघत राहिले.

अर्धा मिनिट...

ती वरखाली झालीच नाही.

उगाच संशय घेतेस, म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

घरी परतल्यावर दादा दाराबाहेर एका बोटवाल्याशी बोलत थांबला. वहिनी भांडी विसळत होती. मी कॅमेरा तिच्यासमोर धरला. तिने हात पुसले, नीट पाहिलं.

ती दचकली नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पुसून टाक," ती हळूच म्हणाली.

"वहिनी, म्हणजे तुला..."

"पहिल्याच रात्री कळलं. त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपते ना गं मी."

"मग चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता!"

तिने मान हलवली. "आठवडाभर धक्क्यावर उभी राहून मीच हाका मारल्यात त्याला. आता कुठल्या तोंडाने जा म्हणू?"

"जेवायला बसायचं ना?"

दादा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कधी आला, दोघींनाही कळलं नव्हतं.

सकाळी मी निघाले. वहिनी नाही आली.

फोनवर म्हणते, मजेत आहोत. मी तिला परोपरीने सांगून पाहिलं, काही दिवस माझ्याकडे ये म्हणून. ऐकत नाही.

गेल्या आठवड्यात ती हसून म्हणाली, "पुन्हा आलीस की आमचा तसाच फोटो काढ. आता मलाही जमतं तसं उभं राहायला."

मी अजून गेलेले नाही.