गवंड्याची उशी

माझे दीर भुताच्या थापा मारत नाहीत. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्यांना. जन्मभर दवाखान्याची गाडी चालवली. परवा रात्री वीज गेल्यावर नातवंडांना सांगत होते, ते जसंच्या तसं लिहिते.

"थंडीतला गुरुवार. रात्रीचे दहा वाजून गेलेले. वॉर्डातल्या सिस्टरने एक उशी दिली. म्हणाली, 'काका, ही शिंप्याला द्या आणि त्याच्याकडची घेऊन या.' हृदयाचं ऑपरेशन झालं की छातीचं हाड तारेने बांधतात. म्हातारं हाड, सांधायला महिने लागतात. तोवर खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. शिंपी माझा दोस्त, त्याचंही हेच ऑपरेशन झालेलं. घरी येताना पठ्ठ्याने शेजारच्या खाटेवरच्या गवंड्याची उशी उचलली, आपली तिथे ठेवली."

"चोरली?" धाकटी म्हणाली.

"शिंपीच तो. दवाखान्याची उशी भुसभुशीत. गवंड्याची त्याच्या लेकीने शिवलेली, गच्च भरलेली. टाका कसा एकसारखा. ह्याचा जीव जडला.

"त्याच्या घरी गेलो, तर शिंपी खाटेवर बसलेला, उशी पोटाशी. म्हणाला, 'उद्या ने की. गवंडी काय एका रात्रीत मरतोय?'

"मी म्हटलं, 'दुपारीच गेला. खोकल्याची उबळ आली, हाड उसवलं. लेकीला ती उशी त्याच्याजवळ ठेवायचीय.'

"शिंप्याने उशी पुढे केली. मी ती काखेत मारली, दुसरी खाटेच्या पायथ्याशी ठेवली आणि वळलो.

"तेवढ्यात त्याला उबळ आली.

"उशी लांब. दोन्ही हातांनी त्याने खाटेची कड धरलेली. मी धावलो... आणि थबकलो.

"त्याचा सदरा छातीवर आत गेला होता. दाबल्यासारखा.

"समोर कुणी नव्हतं.

"तो खोकला. सदरा आणखी आत...

"ओल्या सिमेंटचा वास आला.

"मग खोकला थांबला."



"सावरत होता, का दाबत होता?" थोरल्याने विचारलं.

"...ते शिंप्यालाही कळलं नाही. जगला तो. हाडही सांधलं. पण छातीवर दोन पंजे उमटलेत, पांढरे. बोटं वर, अंगठे मधोमध जुळलेले. डॉक्टर म्हणतात, त्याचेच हात. ठेवून बघा आपले, छातीवर."

पोरांनी अंधारात ठेवून पाहिले. मीही पाहिले.

बोटं वर केली की मधे करंगळ्या जुळतात.