तिसरं बटण

"हे अपडेट ज्यानं कुणी केलंय ना मावशी, त्याला एकदा डोळ्यांना पट्टी बांधून माझ्या खुर्चीत बसवायला हवं. दुपारपर्यंत रडत घरी जाईल."

लिफ्टचं दार मिटलं, फोन तुटला आणि कोपऱ्यातून कुणीतरी घसा खाकरला.

"किती वाजता बसायचं?"

ती दचकली. लिफ्टमध्ये आणखी कुणी आहे हे तिला कळलंच नव्हतं. तिच्यासारखीच्या बाबतीत ही नामुष्कीच म्हणायची. तो माणूस श्वास धरून उभा असणार. आता मात्र किल्ल्यांचा जुडगा किणकिणला आणि ओल्या छत्रीचा वास आला.

"आपण कोण?"

"कॉम्प्युटर विभाग." मग जरा थांबून, "म्हणजे... अपडेट."

"अस्सं. मग अपडेटराव, तिसऱ्या मजल्यावर उतरा. खुर्ची तयार आहे."

तो हसला. हसू मोठं नव्हतं, पण खरं होतं. खोटं हसू तिला एका मैलावरून ऐकू येई.

जन्मापासून तिला दिसत नव्हतं, आणि त्या रुग्णालयात ती सहा वर्षं टायपिस्ट होती. डॉक्टर स्कॅन बघून बोलत, ते बोलणं रेकॉर्ड होई आणि तिसऱ्या मजल्यावरच्या पाच बायका ते ऐकून अहवाल टाइप करत. डॉक्टर जांभई देत बोलोत की बिस्किट चावत, हिला शब्द न् शब्द कळे. बाकीच्यांचं अडलं की "जरा कानाला विचारा" असं व्हायचं, आणि त्यातूनच तिचं नाव कानताई पडलं. उजव्या कानात डॉक्टर. डाव्या कानात पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा कॉम्प्युटरचा आवाज. पायाखाली पेडल, दाबलं की डॉक्टर बोलणार, सोडलं की गप्प. "नुसता पाय उचलला की भलेभले सर्जन तोंड मिटतात," असं ती मावशीला सांगायची, आणि मावशी म्हणायची, "एखादा घरी घेऊन ये की मग."

आणि एका सोमवारी सगळ्या इमारतीतल्या कॉम्प्युटरांची कातच बदलली. शेजारची टायपिस्ट कुरकुरली, की रंग फिके झाले, बटणांवरची नावं जाऊन चित्रं आली. तिचं तेवढ्यावर भागलं. हिच्या डाव्या कानात मात्र तो आवाज नुसता म्हणत राहिला, "बटण. बटण. बटण. बटण." कुठलं, कशाचं, काही नाही. दर दहा मिनिटांनी कॉम्प्युटर मध्येच गचकायचा आणि टाइप केलेलं सगळं घेऊन जायचा. म्हणून ती चार ओळी झाल्या की राखून ठेवू लागली. ते तिची बोटं झोपेतही करत. तीनदा टॅब, एकदा एंटर. सहा वर्षांची सवय.

तो खरंच आला. मफलर डोळ्यांना बांधून तिच्या खुर्चीत बसला आणि एक फाइल उघडायला त्याला चाळीस मिनिटं लागली. शेवटी त्यानं मफलर काढला.

"रडताय का?" तिनं विचारलं.

"अजून दुपार व्हायचीय."

"जुनं परत आणता येत नाही का हो?"

"नाही. मागं जायचं दार बंद करूनच पाठवलंय अपडेट बनवणाऱ्या कंपनीनं. पण... बिननावाच्या बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो. एकदा दिलं की तुमचा आवाज ते वाचेल. दोनशे चौदा बटणं आहेत. मी मोजली."

"दोनशे चौदा? एवढ्यात तर एखाद्या घराण्याचं बारसं उरकेल."

"रोज थोडी थोडी करतो. जेवणाच्या सुट्टीत."

चार दिवसांनी त्यानं पहिली चाळीस नावं लावून दिली. तिनं कानाला हेडफोन लावला, टॅब दाबत गेली, आणि आवाज वाचत गेला, "वरचं निळं. त्याच्या शेजारचं हिरवं. उजव्या कोपऱ्यातलं, कात्रीसारखं चित्र असलेलं."

मग तिच्या पोटातून असं हसू फुटलं, की बाकीच्या चौघींनी हेडफोन काढले. त्या सोमवारपासून ती पहिल्यांदा हसत होती.

"काय झालं? चुकलं का काही?"

"अहो, निळं म्हणजे काय?"

लाजेनं त्याचे कान तापल्याचं तिला जवळजवळ ऐकू आलं.

"ते कसं दिसतं हे मला नकोय," ती म्हणाली. "ते काय करतं ते सांगा."

सगळी चाळीस त्यानं पुसून पुन्हा लावली. आणि या वेळी तिला विचारून विचारून. ती सांगायची, तो लिहायचा. राखून ठेवा. पुढचा रुग्ण. मागची चूक पुसा. जेवणाच्या सुट्टीत दोघांचे डबे उघडे पडायचे आणि निवायचे. आठवड्याभरात "अहो" गळून पडलं, कुणी उचललं नाही.

"मी कसा दिसतो असं वाटतं तुला?"

"उंच. आवाज वरून येतो. डावा बूट घासतोस, तर गुडघ्याचं काहीतरी आहे. आणि केस विरळ."

"केसांचं कसं कळलं?"

"शेजारची म्हणाली."

शेजारची खोकली. तो म्हणाला, "मग तिला विचार, तुझ्याकडे बघताना मी कसा दिसतो ते."

या वेळी पाचही कीबोर्ड थांबले. तिनं पेडल दाबलं, डॉक्टर बोलू लागले, आणि सबंध एक मिनिट तिनं त्यांचा एकही शब्द ऐकला नाही.

एवढं सुख लागोपाठ मिळालं की माणसानं सावध व्हावं. अपडेटपासून विसाव्या दिवशी अधीक्षक बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. चांगल्या बातमीला त्या दार लावत नसत.

एक शिंपीण होती, बेचाळीस वर्षांची. अपडेटच्या दुसऱ्या दिवशी तिचा छातीचा स्कॅन झाला होता. अहवाल तिला मिळाला, त्यात काळजीचं काही नव्हतं. ती घरी जाऊन मशीनवर बसली. आता खोकल्यातून रक्त पडायला लागलं तेव्हा ती परत आली, आणि डॉक्टरांनी मूळ रेकॉर्डिंग काढून ऐकलं. बोलता बोलता त्यांना मध्येच फोन आला होता. त्यानंतर, रेकॉर्डिंगच्या शेवटाला, एकच वाक्य होतं. वरच्या भागात गाठ, तातडीनं पुढची तपासणी करावी. पाठवलेल्या अहवालात ते वाक्य नव्हतं.

"मी टाइप केलं होतं ते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

"तुमच्या मसुद्यात आहे. पण त्याआधीच अहवाल गेला होता. तुम्हीच पाठवलात."

तिला सगळं एका क्षणात कळलं. रेकॉर्डिंगमधली ती मधली शांतता फोनची होती. तेवढ्यात तिनं राखून ठेवायला म्हणून तीनदा टॅब दाबला, एकदा एंटर. नव्या पडद्यावर डॉक्टर बराच वेळ बोलायचे थांबले, की तिसऱ्या जागी 'राखून ठेवा'च्या ऐवजी 'पाठवा' येऊन बसत होतं, आणि आवाज म्हणाला होता, "बटण." अहवालाखाली डॉक्टरांची सही होती. ती त्यांनी न वाचता केली होती. पण सह्यांची चौकशी होत नसते, बटणांची होते.

"शुक्रवारी समिती बसेल," बाई म्हणाल्या. मग हळू आवाजात, "वर असं म्हणतायत, की न दिसणाऱ्या माणसाला या कामावर ठेवणं धोक्याचं आहे. मी आपलं कानावर घातलं."

तिच्या कानावर आजवर पुष्कळ काही घातलं गेलं होतं. पण हे सगळ्यात आत जाऊन बसलं. नोकरी जाईल, ते एक. शिवाय तिच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जाईल, की तुमच्यासारखी एक होती इथे, तिनं काय केलं माहितीये का. आणि या सगळ्याच्या तळाशी ती शिंपीण, एकोणीस दिवस.

गुरुवारी संध्याकाळी तो तिला जिन्याखालच्या बाकावर सापडला. दाराबाहेर पाऊस कुणाचंही न ऐकता पडत होता. तो शेजारी बसला. किल्ल्या वाजल्या नाहीत. मुठीत घट्ट धरल्या असाव्यात.

"एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं."

"सांग."

"अपडेट सोडायच्या आधी एक यादी भरावी लागते. अकरा चौकोन. दहावा असतो: पडदा वाचणाऱ्या आवाजासह तपासलं. मी... न तपासता त्यावर खूण केली."

ती बाकावर जरा दूर सरकून बसली.

"का?"

"वाटलं, या इमारतीत तसं कुणी नाहीच. शुक्रवार होता, घरी जायची घाई होती. मला माहीतच नव्हतं तू आहेस."

"तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

तिनं "तुम्ही" म्हटल्याचं त्याला लागलं. श्वासावरून कळलं.

"चार."

"चार वर्षं मी रोज त्याच लिफ्टनं येते."

त्यानं त्यावर सबब सांगितली नाही. सांगितली असती तर तिला तो आवडेनासा झाला असता.

"म्हणजे ती बटणं, ते डबे... सगळं पाप धुणं होतं?"

"पहिले दोन दिवस, हो," तो म्हणाला. "नंतर मी फक्त तुझ्यासाठी यायचो. तेच तर अवघड झालं. जितकं आवडायला लागलं, तितकं सांगवेना."

"आणि उद्या? समितीसमोर?"

त्याच्या मुठीतल्या किल्ल्या वाजल्या. ती उठली, काठी उघडली आणि पावसात निघून गेली. चालताना एकदाही थांबली नाही, पण मागे पावलं येतात का हे ऐकत गेली. आली नाहीत.

शुक्रवारी लांब टेबलापलीकडे चौघे बसले होते. चौघांनाही तिच्याशी जरा मोठ्यानं बोलायचं होतं, जणू डोळे नाहीत म्हणजे कानही नाहीत. ती म्हणाली, "बोट माझं होतं. खोटं बोलणार नाही. पण सहा वर्षांत या बोटानं सत्तावीस हजार अहवाल टाइप केलेत. त्यातला एकही परत आला नव्हता. काय बदललं, तेवढं विचारा."

"काय बदललं?" एकानं विचारलं.

दार उघडलं. डावा बूट घासत आत आला.

"ते मी सांगतो," तो म्हणाला. त्यानं कागद टेबलावर ठेवला. अकरा चौकोन, खाली त्याची सही. त्यानं ना घाईचं नाव घेतलं, ना कंपनीचं. "दहावी खूण खोटी आहे. ती मी केली नसती, तर हे अपडेट त्यांच्या कॉम्प्युटरवर गेलंच नसतं."

निकाल तासाभरात लागला. त्याला आजच्या आज काढलं, पाच वाजता त्याचा पासवर्ड बंद होणार. तिची नोकरी राहिली, पण तीन महिने तिचा प्रत्येक अहवाल दुसरं कुणीतरी तपासणार. डॉक्टर सहीबद्दल शेवटपर्यंत काही बोलले नाहीत.

दुपारी शिंपिणीच्या दुसऱ्या स्कॅनचं रेकॉर्डिंग आलं. शेजारची म्हणाली, "मी करते गं, राहू दे." तिनं दिलं नाही. पेडल दाबलं. आधीपेक्षा चार मिलिमीटर मोठी, डॉक्टर म्हणाले. उपचार सोमवारपासून. एकोणीस दिवसांनी बहुधा फारसा फरक पडलेला नाही. त्या "बहुधा"पाशी तिनं पाय उचलला, डोळे पुसले आणि पाय परत ठेवला. शेवटचं वाक्य येऊन गेल्यावरही ती रेकॉर्डिंग संपेपर्यंत नुसती शांतता ऐकत राहिली. मग पाठवलं.

साडेचारला किल्ल्यांविना पावलं आली. किल्ल्या जमा झाल्या असणार.

"सतरा बटणं राहिलीत," तो म्हणाला. "अर्धा तास आहे. लावू?"

तिनं बाजूची खुर्ची पायानं पुढे ढकलली.

"हे काय करतं?" तो विचारायचा.

"दाबून बघ."

"छापायला पाठवतं."

"मग तसं लिही."

अकरा झाली. बाराव्यापाशी त्याची बोटं थांबली.

"त्या बाईंना भेटायला जाणार आहे मी. सोमवारी. काय बोलायचं ते माहीत नाही."

"मीही येते. मलाही माहीत नाही."

"तू अजून रागावलीयेस?"

"हो. पुष्कळ दिवस रागावलेली राहीन. तुझं काय म्हणणं आहे त्यावर?"

"काही नाही. फक्त... ते पुष्कळ दिवस माझ्या आसपास काढ."

चेहरा कुणाला दिसू नये म्हणून माणूस मान खाली घालतो. तिनंही घातली. मग तिचा हात कीबोर्डवरून सरकत गेला आणि त्याच्या हातावर थांबला. थंड होता.

बरोबर पाचला मशीननं त्याला बाहेर काढलं. सहा बटणं राहिली. डाव्या कानात आवाज म्हणाला, "बटण. बटण."

"ती माझी मी लावीन," ती म्हणाली. "तू रविवारी घरी ये. मावशी विचारेल, काय करतोस."

"काय सांगू? नोकरी गेली?"

"तेही सांग. आणि का गेली तेही. माझ्यासमोर, पहिल्यापासून."

"ऐकून तिनं दार दाखवलं तर?"

"तर दाराबाहेर थांब," ती म्हणाली. "मी चप्पल घालून येते."