दोरीच्या दुसऱ्या टोकाला

शाल्मली माझी सख्खी मावसबहीण. तिला थापा मारता येत नाहीत, म्हणूनच हे लिहितोय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसण्यावारी नेलं असतं.

गेल्या जानेवारीतला रविवार. भर दुपार. बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधलं एक बंद पडलेलं गोदाम.

प्रेक्षकांसमोरचा प्रयोग श्रीवत्सचा, हा बेळगावकडचा कलाकार. शाल्मलीने लाकडी पेटीत झोपायचं. झाकणाला खिळे. वर माती. हवेपुरती एक नळी.

तिच्या मनगटाला दोरी. दुसरं टोक तिच्या सर्वांत विश्वासाच्या माणसाच्या हातात.

म्हणजे मल्हारच्या. दोघांचं लग्न ठरलं होतं.

तिने हिसका दिला की त्याने उलट हिसका द्यायचा. 'मी आहे' एवढंच सांगायला. दुसऱ्या कुणी दोरीला हात लावायचा नाही.

"स्वल्प अंधार असतोय, अक्का. भिऊ नका की," श्रीवत्स म्हणाला.

"मी इथून हलत नाही," मल्हार म्हणाला.

खिळे ठोकले. माती पडली. मग सगळं शांत झालं.

तिने दोरी ओढली...

उलट हिसका आला. तिला हायसं वाटलं.

थोड्या वेळाने जीव घाबरा झाला. ती ओरडली, रडली. कुणी आलं नाही. पण दरवेळी हिसका मात्र आला.

मग ती ओढायच्या आधीच येऊ लागला...

पेटी उघडली तेव्हा मल्हार नव्हता.

"तो खिळे ठोकतानाच गेला. तोच तर प्रयोग की! तुम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं," श्रीवत्स म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये एकच दिसत होतं... दोरी जमिनीवर सैल पडलेली. जवळ कुणीच नाही.

संध्याकाळी मल्हार फोनवर म्हणाला, "अगं, आधी सांगितलं असतं तर खरी भीती दिसली असती का?"

तिचं काळीज फाटलं. शब्द देणारा बाहेर कॉफी पीत बसला होता. राहिलं ते भलतंच कुणीतरी.

परवा तो माफी मागायला तिच्या बेळ्ळंदूरच्या फ्लॅटवर आला. बेल वाजली. राग बराच निवळला होता. ती दार उघडायला उठली.

आणि मनगटाला हिसका बसला...

दारापासून मागे.

बेल वाजत राहिली. शेवटी तो निघून गेला.

आता ती जिन्यापर्यंतही जाऊ शकत नाही. मला फोनवर दबक्या आवाजात एकच विचारते...

"दुसऱ्या टोकाला जे आहे, त्याला 'सोड' असं कसं सांगायचं रे?"